इलायसचं रिकामं ताट

खेळाडूला घरच्यासारखं ठेवावं ते डोरीन हेपवर्थनंच! हे मी नाही, अख्खं हॅझलरॉइड गाव म्हणतं. म्हणजे, मी सांगितल्यावर म्हणतं. आमचा रग्बी लीग क्लब तीन वर्षं नव्यानं उभा राहत होता आणि तीन वर्षं नव्यानं हरत होता. आता शेवटचा सामना हरलो की स्पर्धेतूनच बाहेर! म्हणून पापुआ न्यू गिनीहून इलायस काउपाला आणलं. काडीसारखं अंग आणि वाऱ्याची चाल. राहायला अर्थातच माझ्याकडे!

पहिल्या दिवशी मटणाचा स्ट्यू आणि पुडिंग वाढलं. पठ्ठ्यानं ताट पुसून लख्ख केलं. ताट रिकामं म्हणजे पाहुणा उपाशी! मी पुन्हा वाढलं. तेही फस्त.

“अजून थोडं, बाळा?”

“तुम्ही म्हणाल तसं, मावशी.”

पाच आठवडे हेच चाललं. सामन्याच्या आदल्या दिवशी कोच कीथ तणतणत दारात.

“डोरीन, मी हरीण आणलं होतं! काय केलंस त्याचं?”

“अंग धरलंय जरा.”

“जरा? जर्सी गळ्याखाली उतरेना!”

क्लब बुडाला तर खापर माझ्याच डोक्यावर!

शेवटचं मिनिट. आम्ही दोन गुणांनी मागे. चेंडू इलायसकडे आला. तो पळाला म्हणणं धाडसाचं होईल, निघाला म्हणू. एक जण पायाला लोंबकळला, दुसरा कमरेला, तिसरा पाठीवर. इलायसनं तिघांना बाजाराच्या पिशव्यांसारखं ओढत रेषेपलीकडे नेलं आणि चेंडू टेकवला. ट्राय! चार गुण! क्लब वाचला! मी आनंदानं टोपी उडवली. टोपी कीथची होती!

घरी येऊन पातेलंभर स्ट्यू काढला. इलायसनं माझा हात धरला.

“मावशी, एक सांगू? आमच्याकडे ताटात टाकलं तर वाढणारीचा अपमान होतो. पण तुम्ही थांबतच नाही हो!”

“अरे देवा! आणि मला वाटलं, तुझं पोटच भरत नाही!”

दोघंही हसून हसून बेजार. मग त्यानं, पाच आठवड्यांत पहिल्यांदाच, अर्धं ताट तसंच ठेवलं. वाया कशाला घालवायचं, म्हणून मीच खाल्लं.

तुम्हाला म्हणून सांगते, मीठ फारच झालं होतं!