पांगाऱ्याची आणेवारी

आमचे शेजारी भाऊसाहेब उतेकर कुठल्याही गोष्टीला चांगली किंवा वाईट म्हणत नसत. ते तिला आणे देत. चहा दहा आणे. महाडचा उन्हाळा चौदा आणे. नव्या हेडमास्तरांचं भाषण सात आणे. एकदा आमच्याकडे पुरणपोळीचं जेवण झाल्यावर माझ्या बायकोने मोठ्या आशेने विचारलं, "कशी झाली होती पोळी, भाऊसाहेब?" त्यांनी हात धुतले, पुसले, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "साडेअकरा." त्यानंतर त्यांच्या अंगणाकडची आमची खिडकी काही दिवस उघडली नाही. शेवटी मालतीवहिनी, म्हणजे त्यांची पत्नी, स्वतः येऊन सांगून गेल्या की एवढा संसार झाला तरी माझी पोळी अजून अकराच्या वर सरकलेली नाही. तेव्हा कुठे खिडकी उघडली.

भाऊसाहेब तलाठी होते. आमच्या भागात तलाठ्याला भाऊसाहेबच म्हणतात, त्यामुळे त्यांचं खरं नाव काय होतं ते मलाही बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. भाताचं पीक कसं आलंय हे ठरवायला तलाठी आणेवारी करतात. सोळा आणे म्हणजे शेत पूर्ण भरलं. आठ आण्यांच्या खाली गेलं की टंचाई. सरकारने कागदावर आण्यांचे पैसे केले त्याला जमाना झाला होता, पण भाऊसाहेबांनी तो बदल मनावर घेतला नव्हता.

त्यांचा एक लौकिक होता. कचेरीत बसून त्यांनी कधी आणेवारी लिहिली नाही. बांधावर जायचे, चिखलात उतरायचे, लोंबी हातात चुरगळून बघायचे. सरपंचासाठी अर्धा आणा कमी केला नाही की साहेबासाठी पाव आणा वाढवला नाही. "समक्ष पाहिल्याशिवाय नाही," हे त्यांचं पालुपद. आणि सोळा आणे त्यांनी आयुष्यात कशालाच दिले नव्हते. कुणी चिडवलं तर शांतपणे म्हणायचे, "सोळा आणे मी अजून पाहिलेलं नाही. तुम्ही पाहिलं असेल तर दाखवा, समक्ष येतो."

मी गणिताचा मास्तर. आकड्यांशी माझंही वैर नव्हतं, त्यामुळे आमचं जमलं. शिमगा उरकला, पालख्या देवळात गेल्या, की रविवारी सकाळी ते माझ्या दारात मोटारसायकल लावून उभे राहायचे. एका निवृत्त फौजीकडून घेतलेली ती गाडी त्या फौजीच्या आधीच सेवानिवृत्त व्हायला हवी होती. तिचा आवाज सावित्री नदीच्या पलीकडून ओळखू यायचा. भाऊसाहेब डोक्याला मफलर गुंडाळून, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, मला म्हणायचे, "मास्तर, चला. पंच पाहिजे."

पाहणी म्हटली की साक्षीदार लागतो. त्याला पंच म्हणतात. भाऊसाहेब भाताची आणेवारी पावसाळ्यानंतर सरकारसाठी करायचे आणि फुलांची आणेवारी फाल्गुनापासून स्वतःसाठी करायचे. त्या दुसऱ्या कामाचा मी कायमचा पंच होतो. मागच्या सीटचा स्पंज कधीच विरला होता. पोलादपूर येईपर्यंत पाठीच्या कण्यातला प्रत्येक मणका मला वेगळा मोजता यायचा.

पण पोलादपूर सोडून कुडपणच्या वाटेला लागलो की मी पाठ विसरायचो. लाल मातीचा रस्ता वळणं घेत वर चढायचा. कुसुंबाला नवी पालवी, तांबडीलाल. करवंदीच्या जाळ्यांना पांढरी फुलं आणि त्यांचा तो गोड वास. भाऊसाहेब गाडी चालवता चालवता मान न वळवता ओरडायचे, "डावीकडे पळस, दहा! वरच्या अंगाला सावर, सरली, चार!" गाडीच्या आवाजात मला निम्मं ऐकू यायचं. मी मागून "मान्य!" म्हणायचो. पंचाने एवढंच करायचं असतं. उतरताना ते इंजिन बंद करायचे. पेट्रोल वाचवायला, असं सांगायचे, पण खरं म्हणजे त्यांना कोकीळ ऐकायचा असायचा.

कुडपणला ओळखीच्या सखूबाईंच्या अंगणात गाडी लावायची, ताक प्यायचं आणि रानातून पायवाटेने खिंडीपर्यंत चालत जायचं. खिंडीच्या पलीकडे पांगाऱ्यांची राई होती. अंगावर पान नाही आणि फांदीच्या टोकाटोकाला लालभडक फुलं. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा खालीच बसलो. भाऊसाहेबांनी मात्र पिशवीतून दोरी आणि खुंट्या काढल्या. झाडांखाली चौकोन आखला, दोरीचं एक टोक मला धरायला दिलं आणि माना वर करून आम्ही फांद्या मोजायला लागलो. फुललेल्या किती, सुक्या किती. मैना आणि बुलबुल फुलांवर तुटून पडलेले असायचे. त्यावरून आमचा कायमचा वाद. पाखरांनी खाल्लं ते पीक धरायचं की नुकसान? मी म्हणायचो पीक. ते म्हणायचे नुकसान. शेवटी ते अर्धा आणा कापायचे आणि आम्ही डबा उघडायचो.

परतीच्या वाटेवर पोलादपूरला एस.टी. स्टँडजवळच्या फोनच्या बूथपाशी ते गाडी थांबवायचे. काचेच्या खोक्यात शिरायचे, नंबर फिरवायचे, बोलायचे, "पांगारा. बारा." पलीकडून काहीतरी एक शब्द यायचा. मग फोन खाली. दर रविवारी हाच प्रकार. घरी फोन असताना पोलादपूरचा बूथ कशाला, हे मला कळत नव्हतं. दुसऱ्या कुणालाही कळत नव्हतं, म्हणून लोकांनी आपापल्या परीने समजून घेतलं. तलाठी भाऊसाहेब दर रविवारी मुंबईकडे आकडा लावतात, ही बातमी महाडच्या बाजारपेठेत पसरली. पांगारा हे म्हणे सांकेतिक नाव. एक किराणा दुकानदार मला बाजूला घेऊन अदबीने विचारता झाला की या रविवारी काय दिलं. मी बारा म्हटलं. त्याने बारा लावला आणि बुडाला. पुढे कित्येक महिने तो मला सुट्टे पैसे परत देताना तोंड फिरवायचा.

मी हा किस्सा हसत हसत मालतीवहिनींना सांगितला. त्या तांदूळ निवडत होत्या. हसल्या नाहीत.

"तो फोन अलकाला असतो," त्या म्हणाल्या. "तिने सांगितलंय मला. ह्यांना वाटतं, मला माहीत नाही."

अलका ही त्यांची एकुलती एक मुलगी. मी महाडला यायच्या आधीच तिचं लग्न झालं होतं. लहानपणी ती भाऊसाहेबांच्या गाडीवर पुढे टाकीवर बसून कुडपणला जायची, मोठी झाल्यावर मागे. दोरीचं दुसरं टोक तेव्हा तिच्या हातात असायचं. मग तिने प्रदीपला घरी आणलं. तो एका विनाअनुदानित शाळेत शिकवायचा, पगार कधी व्हायचा, कधी नाही. मुलगा बोलला चांगला, चहा प्यायला, पाया पडला. आणि अलकाने सगळ्यांच्या देखत विचारलं, "बाबा, कसा वाटला?"

भाऊसाहेबांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "नऊ आणे."

पोरगा समोर बसलेला. वहिनींनी सावरायला काहीतरी म्हणावं, तर ह्यांनी वर खुलासा केला की टंचाईत बसत नाही, एवढं नक्की. अलका उठली. जाताना म्हणाली, "ज्या दिवशी कशाला तरी सोळा आणे द्याल ना, त्या दिवशी कळवा. मी येईन." लग्न डोंबिवलीत झालं. भाऊसाहेब गेले नाहीत. मालतीवहिनी गेल्या, आणि पुढेही वर्षातून एकदोनदा जाऊन राहून येत. भाऊसाहेबांनी त्यावर कधी अवाक्षर काढलं नाही. फक्त त्या परत आल्या की अंगणात उगाच घुटमळायचे, काही विचारतील असं वाटायचं आणि मग गाडी पुसायला लागायचे.

"फुलं समक्ष बघायला डोंगर चढतात," वहिनी म्हणाल्या, "आणि पोरीचं घर समक्ष बघायला ह्यांना डोंबिवली लांब पडते."

त्यानंतर कुडपणच्या फेऱ्या मला वेगळ्याच दिसायला लागल्या. हा माणूस दर वसंतात सोळा आणे शोधत डोंगर चढत होता. खरे सोळा. फोनवर खोटं सांगणं त्याला सहज जमलं असतं, डोंबिवलीतून कोण येणार होतं फांद्या मोजायला? पण जन्मभर खोटी आणेवारी लिहिली नाही, ती मुलीला कशी द्यायची? मला त्यांचा राग यायचा आणि मायाही यायची. दोरीचं टोक धरून मी मनातल्या मनात पांगाऱ्याला म्हणायचो, बाबा रे, एकदा फुल की सगळा.

एका वर्षी तो जवळजवळ फुललाच. राई नुसती पेटल्यासारखी दिसत होती. भाऊसाहेबांनी मोजलं, पुन्हा मोजलं, दोरी हलवून दुसरा चौकोन आखला. मग ते दगडावर बसले आणि म्हणाले, "साडेचौदा."

मी म्हटलं, अहो, आमच्यात काठावरच्या मुलाला ग्रेस मार्क देतात. दीड आण्याचं काय घेऊन बसलात?

"महसुलात ग्रेस नसतो, मास्तर."

त्या दिवशी फोनवर "साडेचौदा" म्हणाले आणि नेहमीसारखा फोन ठेवला नाही. कानाला तसाच धरून उभे राहिले. पलीकडून तो एक शब्द आला असावा. बूथवाल्याने काचेवर टकटक केली, तेव्हा बाहेर आले.

ते सेवानिवृत्त झाले त्याच्या पुढच्या वसंतातली गोष्ट. चढावर गाडी आता दम खायची आणि भाऊसाहेबही. कुडपणला पोहोचलो तर सखूबाई ताकाचा तांब्या न घेताच अंगणात आल्या.

"भावसाहेब, वर नका जाव. कायबी नाय ऱ्हायलं. वणवा लागला व्हता."

"पांगारा?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"समदं जळलं. येखादं झाड हाय, पन त्यात काय जीव नाय."

तरी आम्ही गेलो. समक्ष पाहिल्याशिवाय नाही. पायवाट काळी पडली होती, पायाखाली राख. करवंदीच्या जाळ्यांच्या नुसत्या काटक्या उरल्या होत्या. खिंडीतून पलीकडे पाहिलं. जिथे राई होती तिथे काळे खुंट उभे होते. अगदी कडेला एक पांगारा अर्धा वाचला होता. त्याच्या एका फांदीला फुलं होती, एकाच, आणि त्यावर एक मैना बसली होती.

भाऊसाहेबांनी पिशवी उघडली नाही. दोरी काढली नाही. त्या फांदीकडे बघत राहिले. मैना उडाली, परत आली, पुन्हा खायला लागली.

"ती दोरी नीट धरायची नाही कधी," एकदम म्हणाले. "पाखरांकडे बघत बसायची. चौकोन वाकडा व्हायचा. मी ओरडायचो." मग थोड्या वेळाने, "पाखरांनी खाल्लं ते पीक धरा, असं तीही म्हणायची."

उतरताना त्यांनी इंजिन बंद केलं नाही. पोलादपूरला नेहमीच्या जागी गाडी लावली. मी बाहेर थांबलो. बूथचं दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"हॅलो. पांगारा," ते म्हणाले. घसा खाकरला. "सोळा."

मग तिने काहीतरी विचारलं.

"हो. मी समक्ष पाहिला." फोनची दोरी त्यांनी बोटाभोवती गुंडाळली होती. "हरकत असेल तर पाहणीला ये."

ती काय म्हणाली ते मला कळायचं कारण नव्हतं. पण भाऊसाहेब काचेकडे तोंड करून, भिंतीला सांगावं तसं म्हणाले, "एकटीची पाहणी धरत नाहीत. पंच लागतो. प्रदीपरावांना घेऊन ये."

ते बाहेर आले. मफलरने तोंड पुसलं, डोळेही पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्तर, तुम्ही पंच आहात. आयुष्यात पहिल्यांदा खोटी आणेवारी दिली मी. हरकत घ्यायची तर आत्ता घ्या."

मी म्हटलं, "पाखरांचं धरलं तर सोळा भरतात, भाऊसाहेब."

त्यांनी मान हलवली. गाडीपाशी गेले आणि मागच्या सीटवरची राख रुमालाने झटकली. ती गेली तरी पुसत राहिले. सीटच्या फाटलेल्या शिवणीत बोट घालून पाहिलं. कधी नव्हे ती त्यांना ती सीट खराब वाटली असावी.

"मास्तर," ते म्हणाले, "डोंबिवलीकडची, दिवा स्टेशनाहून येणारी आगगाडी आपल्या वीर स्टेशनाला किती वाजता लागते हो?"