तपासनीस आणि जादा बॅटरी

बाईंनी अट सरळ घातली होती. मुलीकडे पाच दिवसांचा गाडीप्रवास करायचा, तर त्यांचं इन्सुलिन पाचही दिवस गार राहिलं पाहिजे. "आधी गाडीतला फ्रिज दोन दिवस चालवून दाखवा, घरातून वायर न ओढता. नाहीतर तुम्ही जा गाडीनं, मी विमानानं जाते." सहा महिने खपून गाडीत पलंग, ओटा, पडदे बसवणाऱ्या नवऱ्याच्या हे जिव्हारी लागलं. सगळा खटाटोप केला होता तो दोघांनी मिळून हिंडायला.

नवरा म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त तपासनीस. काटा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. फ्रिजसाठी त्यांनी सीटखाली जादा बॅटरी बसवली, पण ती चार्ज कशावर करायची यावरून घरात दोन पक्ष पडले.

"टपावर सोलर टाका, दाजी. ऊन फुकट आहे," मेहुणे म्हणाले.

"आणि ढग आले तर?" वायरमननं विचारलं. "इंजिनावरून चार्जर घ्या. गाडी धावली की बॅटरी भरली."

तपासनिसांनी सोलर घेतलं. चाचणीसाठी फ्रिजमध्ये पाण्याची बाटली आणि थर्मामीटर ठेवला. दिवसभर लख्ख ऊन होतं, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरीनं मान टाकली. बाई विमानाच्या वेळा बघत बसल्या.

मग इंजिनावरचा चार्जरही बसला. तपासनीस गाडी घेऊन वसाहतीभोवती चकरा मारू लागले. दहाव्या चकरेला शेजाऱ्यांनी थांबवून विचारलं, "काही हरवलंय का?" सोलर आणि इंजिन दोन्ही राबत होते, तरी बॅटरीचा आकडा खालीच घसरत होता. म्हणजे ऊन फुकट, डिझेल विकतचं आणि फळ सारखंच!

शेवटी वायरमन मीटर घेऊन आला. "करंट कुठंतरी गळतोय," म्हणाला आणि मागच्या पलंगावर ठाण मांडून बसला. पाच मिनिटं झाली. तपासनिसांनी दिवा लावला, पंखा लावला, फ्रिज उघडला, चष्मा पुसला, थर्मामीटर वाचला, वहीत नोंद केली. आणखी पाच मिनिटांनी पुन्हा तेच.

"साहेब, हे किती वेळा करता?"

"दर पाच मिनिटांनी. पहाटेपासून झोपेपर्यंत. चाचणी म्हणजे चाचणी!"

वायरमननं मीटर पिशवीत टाकला. "वायरिंग चोख आहे. दरवेळी गार हवा बाहेर, गरम हवा आत, वर दिवा, पंखा. त्या बॅटरीवर सगळ्यात मोठा लोड तुम्हीच आहात."

दारात उभ्या बाईंनी हे ऐकलं. त्यांनी हात पुढे केला, गाडीची किल्ली घेतली आणि नवऱ्याला दोन दिवसांसाठी मेहुण्यांकडे धाडलं. तिथंही तपासनिसांना चैन पडेना, आकडा विचारायला सारखा घरी फोन. मेहुण्यांनी फोन लपवून ठेवला, तेव्हा कुठं ते जेवले. न बघता एखादी गोष्ट नीट चालली, असं त्यांच्या तीस वर्षांच्या नोकरीत कधी घडलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ते घरी आले. दारात गाडी उभी होती आणि पुढच्या सीटवर बाई, मांडीवर पर्स घेऊन. मागं दोघांच्या बॅगा. "बॅटरी पाऊण भरलेली आहे, तीही नुसत्या उन्हावर," त्या म्हणाल्या. "बाटली गार आहे. इन्सुलिन आत ठेवलंय. ही घ्या किल्ली, तपासून घ्या."

तपासनिसांनी एकदा फ्रिजकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. "नको," ते म्हणाले. "तू पाहिलंस ना? झालं तर मग." आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीही न तपासता त्यांनी गाडी सुरू केली.

पहिल्याच वळणावर बाई चुळबुळल्या. "अहो, जरा बाजूला घ्या ना."

"काय झालं?"

"काही नाही. एकदाच बघून येते, गार आहे का ते."