मन्मथअप्पांचा सातवा पाठ

दिवस उगवायच्या आत पहिली एसटी धरायला माणूस बोरीच्या स्टँडवर यायचा आणि मन्मथअप्पा दुकानाच्या फळ्या काढता काढता त्याला विचारायचे, "दिवस कसा गेला, साहेब?"

"अजून उगवलाय कुठं, अप्पा!" माणूस वैतागायचा.

"नसंल उगवला. आमाला विचारायचा हुकूम हाय."

हुकूम मुंबईचा होता. अप्पा पोस्टाने बारटेंडरचा कोर्स शिकत होते. खाकी पाकिटातून इंग्रजीत छापलेला एकेक पाठ यायचा, आणि त्यातल्या एका पाठात लिहिलं होतं म्हणे, की गिऱ्हाइकाला त्याचा दिवस कसा गेला ते विचारावं, मान हलवावी आणि सल्ला देऊ नये. अप्पा आधीच मान हलवून घ्यायचे, मग उत्तर ऐकायचे.

आता हे अप्पा कोण? तर गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, दारूच्या वासानं ज्यांना उलटी व्हायची असे गृहस्थ. दुकान सोड्याचं आणि सरबताचं. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. कुठल्याशा जुन्या पेपरात त्यांनी जाहिरात पाहिली. तिच्यात एक बो लावलेला माणूस होता आणि त्याच्या मागे परीपरीचे ग्लास. अप्पा बो लावलेल्या माणसावर नाही, ग्लासांवर भाळले.

"पण अप्पा, दारूला शिवत न्हाई तुमी, मग हे शिकून काय करायचं?" धोंडबाराव पाटलांनी एकदा विचारलं. पाटील म्हणजे दुकानाच्या बाकड्याचे कायमचे मालक. ते बसले की बाकीचे उभे राहायचे.

"सोयरिकी जुळवणारा परत्येक पोरीशी सोता लगीन लावतो का, पाटील?"

गावात दारू हातभट्टीची, ती अप्पांना चालायची नाही. म्हणून रमच्या जागी गुळाचं पाणी, व्हिस्कीच्या जागी कोरा चहा. बर्फ जिंतूरहून एसटीच्या टपावर भुशात गुंडाळून यायचा आणि बोरीला पोचेपर्यंत निम्मा व्हायचा. दोन स्टीलचे ग्लास तोंडाला तोंड लावून अप्पा खांद्यावर हलवायचे. त्यांच्या धोतराला बाराही महिने गुळाच्या मुंग्या असायच्या.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी गोटीसोडा ग्लासात ओतून असाच हलवला. फेसाचा फवारा थेट पाटलांच्या फेट्यावर.

"अप्पा! अक्कल हाय का न्हाई?"

"माफी करा पाटील, सोडा हलवू न्हाई असं लिवलेलं असंल कुठंतरी. दुसरा पाठ यायचाय अजून."

तेव्हापासून अप्पांच्या हातून काही चुकलं की ते एवढंच म्हणायचे, "त्याचा पाठ यायचाय."

मी हे सगळं लांबून पाहायचो. शाळा सातवीतच सुटली होती. बापाबरोबर सरकीची पोती उचलायचो. आम्ही बौद्धवाड्यातले. दुकानात आमचेही ग्लास होते, पण ते मागच्या भिंतीच्या कोनाड्यात. पोचे पडलेले, जर्मनचे, म्हणजे अॅल्युमिनियमचे. आपण काढायचा, वरून ओतलेलं प्यायचं, धुऊन परत ठेवायचा. यात काही वेगळं आहे असं तोवर कोणी बोलत नव्हतं. मग विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं आली. इकडून तिकडून जळालेल्या घरांच्या बातम्या यायच्या, आणि आमची माय सांजच्याला दाराला आतून दगड लावायला लागली. गावातली माणसं बोलायची तशीच बोलायची, फक्त डोळ्यात बघायची नाहीत.

अशा दिवसांत एका दुपारी मी आणि बाप दुकानी गेलो. बापानं सवयीनं कोनाड्यात हात घातला. कोनाडा रिकामा होता.

"बसा, किसनसाहेब," अप्पा म्हणाले.

माझ्या बापाला जन्मात कोणी साहेब म्हटलं नव्हतं. तो मागे वळून बघायला लागला, कोण साहेब आला म्हणून.

अप्पांनी काचेचा उंच ग्लास घेतला, पाटलांसमोर होता तसाच. त्यात लिंबाचं सरबत ओतलं आणि फळीवर बापासमोर ठेवला. बापाने हात लावला नाही. ग्लासाला बाहेरून घाम सुटला होता, आणि मला आतून.

"अप्पा, हे काय चालवलंय?" पाटील बाकड्यावरूनच म्हणाले.

"सातवा पाठ. ग्लास पेयावरून ठरतो, गिऱ्हाइकावरून न्हाई. लिंबाला उंच ग्लास. मग पिणारा कोनी का असंना."

"असं लिवलंय?"

"लिवलंय."

"वाच."

अप्पांनी गल्ल्याखालून पाठ काढला, चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून खड्या आवाजात इंग्रजी वाचायला लागले. पोथी वाचावी तसं. कोणाला अक्षर कळलं नाही. पण छापलेलं इंग्रजी म्हणजे कलेक्टर कचेरीचा हुकूमच. त्याला मधे कोण बोलणार? मी भीतीनं असा गच्च होऊन ऐकत होतो, की त्यातले काही आवाज डोक्यात रुतून बसले.

वाचन संपलं. पाटील उठले, उपरणं झटकलं आणि म्हणाले, "मुंबईवाल्यांनाच पाज मग तुझं सरबत."

त्यांच्यामागं बाकीचे गेले. बाकडं रिकामं झालं. तेव्हा बापानं ग्लास उचलला आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्याला.

घरी आल्यावर बाप म्हणाला, "ग्लास आपल्या हक्काचाच व्हता. त्याचे उपकार मानू नको." मग विडी पेटवली. "पर जात जा तिकडं. एकटा पडंल येडा."

एकटे पडलेच अप्पा. गाव स्टँडच्या पलीकडच्या हॉटेलात जायला लागलं. भस्म लावणारे त्यांचे सोयरेसुद्धा रस्ता बदलून जायचे. एका सकाळी ग्लासांची फळी फोडलेली सापडली. अप्पांनी काचा झाडल्या, परभणीला जाऊन तसलेच ग्लास आणले आणि सगळे घासून पुन्हा लावले.

"अप्पा, भ्या वाटत न्हाई?" मी विचारलं.

"वाटायलंय की. लय वाटायलंय. पर भ्यायचं कसं, त्याचा पाठ यायचाय."

गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून त्यांनी मला शिकवायला घेतलं. कोणता ग्लास कशाला, बर्फ आधी का नंतर, फडकं कुठल्या हातात. शेवटच्या पाठात खरी दारू चाखून चव लिहायची होती. अप्पांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि पाठ मिटवला. सर्टिफिकिट आलंच नाही. "माझं ऱ्हाऊ दे, गौतमराव," म्हणाले, "तू जा. तुझ्या हाताला हे जमायलंय."

आज मी गोव्यात एका हॉटेलच्या बारमध्ये आहे. बो लावतो. तो सरळ आहे ना, हे सारखं आरशात बघतो. कोणीतरी येऊन 'तू इथं कसा?' विचारील, ही धाकधूक काही जात नाही. एकदा मी आमच्या मोठ्या बारमनला अभिमानानं सातवा पाठ सांगितला. तो म्हणाला, "ग्लास पेयावरून ठरतो, हे बरोबर. पण पिणारा कोणी का असेना, हे कोण लिहील? ते लिहायची गरज कुठं पडते?"

कुठं पडते, हे त्याला कसं सांगणार? पुढे कामापुरतं इंग्रजी येत गेलं, तसे त्या दुपारचे डोक्यात रुतलेले आवाज एकेक करून उलगडले. लेमन. पील. थिन. शार्प नाइफ. अप्पांनी त्या दिवशी अख्ख्या गावाला, पोथीच्या सुरात, लिंबाची साल पातळ कशी सोलावी ते वाचून दाखवलं होतं.

मागच्या सुट्टीत बोरीला गेलो. बाप आता राहिला नाही. स्टँडवर उतरलो तर दुकान तसंच. ग्लास लखलखीत, बाकडं रिकामं. अप्पा वाकलेत. मला ओळखायच्या आतच विचारलं, "दिवस कसा गेला, साहेब?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, सल्ला दिला नाही. उंच ग्लासात सरबत आलं.

"अप्पा," मी म्हटलं, "सातव्या पाठात लिंबाची साल हाय."

फडकं ग्लासात फिरत राहिलं. ते म्हणाले, "पातळ सोलली की कडू लागत न्हाई. हे बी खरंच हाय की."

एसटी आली, माणसं उतरली आणि पलीकडच्या हॉटेलाकडे गेली. अप्पा त्यांच्याकडे बघत होते. मी फळीच्या पलीकडे, अप्पांच्या बाजूला गेलो. दुसरा उंच ग्लास काढला, लिंबू पिळलं, बर्फ घातला आणि त्यांच्यासमोर ठेवला.

"दिवस कसा गेला, अप्पा?"

त्यांचा हात थांबला. ग्लासाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, चष्मा काढून धोतराला पुसला.

"त्याचा पाठ," ते म्हणाले, "आलाच न्हाई की रे कधी."