शेवटून कितवी खाच

"सीट कुणी सरकवली? ज्यानं सरकवली त्यानं पुढं यावं. बाकीच्यांनी कामं बंद ठेवा."

काटाआप्पांचा आवाज म्हणजे साखर कारखान्याच्या भोंग्याचा सख्खा धाकटा भाऊ. सांगली-मिरज रस्त्यावरच्या त्या चकाचक सर्व्हिस सेंटरमध्ये तो सुटला तेव्हा मशीनमधून येणारी कॉफी अर्ध्यात थांबली, वर चढवलेली एक पांढरी गाडी आपोआप वीतभर खाली आली, आणि एसीत पेंगत बसलेले एक डॉक्टर झोपेतच "पुढचा पेशंट" म्हणाले. मी फुगवून सांगतोय असं वाटत असेल तर मिरज स्टेशनात चौकशी करा. त्या दिवशी एक पॅसेंजर त्या आवाजालाच सिग्नल समजून चार मिनिटं आधी सुटली.

आप्पा माझे शेजारी. विट्याच्या अलीकडं आमचं गाव. उंची टोपी धरून पाच फूट, टोपी काढली तर विषय वाढवू नये. उभी हयात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली, म्हणून काटाआप्पा. नोकरी संपली, पण काटा डोक्यातून उतरला नाही. उसाच्या वजनात खाणं याला आमच्याकडं काटा मारणं म्हणतात, आणि अख्खं जग आपल्याला काटा मारायला टपलंय यावर आप्पांची श्रद्धा आहे. लग्नात आहेर देणाऱ्याचा हात दाबून ते पाकिटाचं वजन सांगतात. सकाळी दारात भेटले की नमस्काराच्या आधी, "मास्तर, दिवाळीपास्नं दोन किलो चढलाय तुमी." बायको माझ्याकडं बघते. आप्पा कधी चुकत नाहीत, हे तिला माहीत आहे.

त्यांच्याकडं एक निळी गाडी आहे. तिचं सर्व्हिसिंग आलं की मला पंच म्हणून बरोबर जावं लागतं. तुम्ही आम्ही गाडी सर्व्हिसिंगला नेतो म्हणजे काय करतो? चावी देतो, कागदावर सही करतो, फुकटची कॉफी पितो आणि संध्याकाळी धुतलेली गाडी घेऊन येतो. आप्पा आधी रस्त्यावरच्या वजनकाट्यावर गाडी घालतात. आम्हा दोघांसकट वजन. पावती खिशात. येताना परत तोच काटा, परत तेच दोघं. "हलकी भरली तर त्यांनी काय काढलं? जड भरली तर त्यांचं काय ऱ्हायलं?"

एकदा दहा किलो जड भरली. मागच्या सीटखाली मेकॅनिकची पान्यांची पेटी निघाली. दुसऱ्या दिवशी आप्पा ती पेटी घेऊन सांगलीला गेले आणि 'मिळाली' अशी सही घेऊन आले. एकदा दहा किलो हलकी भरली, तेव्हा मात्र त्यांनी तिथूनच गाडी वळवली. सर्व्हिस सेंटरची झडती झाली. बॉनेट उघडलं, डिकी उपसली, वॉचमनच्या खोलीतली गादी उलटी केली. शेवटी मला आठवलं, की जाताना आप्पांनी मिरजेच्या मेहुणीला दहा किलो शेंगा दिल्या होत्या. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "मास्तर, पंचानं आधी बोलायचं असतं."

गाडी ताब्यात देणं हा तर सोहळाच. तिथल्या स्नेहल मॅडम हातात टॅब घेऊन विचारतात, काका, काही तक्रार? आप्पा खिशातून फुलस्केप काढतात. छत्तीस कलमं. चारही टायरना आतून खडूची खूण, बॅटरीला नखाची खूण, स्टेपनीवर स्वतःची सही. काढलेला ऑइल फिल्टर बघायला मिळाला पाहिजे. आप्पा तो हातात घेतात, वास घेतात, आणि एखाद्या वयस्कर पाहुण्याबद्दल बोलावं तसं "बरा टिकला" म्हणतात. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून मागतात. ते गोठ्याच्या बिजागरीला. आप्पांच्या कृपेनं आमच्या आळीतलं एकही दार करकरत नाही, त्यामुळं चोर आला काय आणि जावई आला काय, कुणाला पत्ता लागत नाही.

आता एक गोष्ट राहिली. आप्पा गाडी चालवायला बसतात तेव्हा पाठीमागं तीन उशा घेतात. तीन. शिवाय बुडाखाली एक, आणि पायात टायरच्या तळाची दोन बोटं जाड चप्पल. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटतं, गाडीत गादी निघाली आहे आणि गादीवर एक टोपी ठेवली आहे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, मणक्याचा तरास हाय. सगळ्या गावानं ते मान्य केलं. गाडी देताना मात्र ते उशा काढून माझ्या काखेत देतात. त्या एसीच्या खोलीत मी दिवसभर चार उशा घेऊन बसतो आणि येणारे-जाणारे मला, रुग्णालय समजून इथं चुकून आलेला माणूस समजतात.

आजवर आप्पा स्वतःच गाडी आत नेऊन रॅम्पवर चढवत, मग उशा काढत, आणि ट्रायललाही स्वतःच बसत. या खेपेला नवा नियम निघाला होता. गिऱ्हाइकानं काचेच्या अलीकडं बसायचं. आप्पांनी बराच वाद घातला, मग काचेला नाक लावून उभे राहिले. संध्याकाळी गाडी धुऊन, पुसून समोर आली. आप्पांनी खडूच्या खुणा बघितल्या, स्टेपनीवरची सही बघितली, समाधानानं दार उघडलं, आणि मग तो भोंगा झाला.

एक चाळिशीतला मेकॅनिक पुढं आला. म्हणाला, काका मीच सरकवली, ट्रायल घ्यायची होती, माझा पाय पोचत नव्हता.

"मंग मी काय हातानं ब्रेक मारतो व्हय?"

स्नेहल मॅडमनी मध्ये पडून समजूत घातली. काका, आता सीट बरोबर तुमच्या मापाची झाली आहे. उशांची गरजच नाही, मणक्याला पण चांगलं. एवढं मागं कोण बसतं?

"माझा पोरगा," आप्पा म्हणाले.

आवाज एकदम खाली आला. एवढा खाली, की कॉफीचं मशीन परत सुरू झालं.

प्रमोद त्यांचा एकुलता एक. सहा फूट दोन इंच, सगळी उंची आईकडची. आमच्या भागातल्या बऱ्याच पोरांसारखा सोनं गाळायच्या धंद्यात, तिकडं आसामात दुकान. यात्रेला आला होता तेव्हा ही गाडी घेतली, आठ दिवस आप्पांना शेजारी बसवून फिरवलं आणि गेला. त्याला तीन यात्रा झाल्या. धंदा आहे, सुट्टी मिळत नाही, फोन येतो. एवढं मला माहीत होतं. उशांचं मला माहीत नव्हतं.

मॅडमनी विचारलं, मग किती मागं होती? शेवटच्या खाचेत टाकू का?

"शेवटची न्हाई. शेवटून दुसरी. का तिसरी." आप्पा खिसे चाचपू लागले. फुलस्केप काढलं, छत्तीस कलमं वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. अख्ख्या तालुक्याच्या उसाचं वजन तोंडपाठ असलेला माणूस. ही एक नोंद त्यानं केली नव्हती. तिला कुणी हात लावेल असं त्याच्या मनातच आलं नव्हतं.

मी म्हटलं, प्रमोदला फोन लावू. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी मोबाईल उशीत खुपसला.

मग ते म्हणाले, की गाडी चालवताना प्रमोदच्या गुडघ्याला चाव्यांचा जुडगा लागायचा. लागला की तो जिभेनं 'च्यक' करायचा. त्या मापाचा माणूस बसवला तर खाच सापडेल.

त्यानंतर त्या सर्व्हिस सेंटरमध्ये जे झालं ते फक्त लष्कराच्या भरतीत बघायला मिळतं. सगळे मेकॅनिक भिंतीला पाठ लावून उभे. आप्पा स्टुलावर चढून एकेकाच्या डोक्यावर पट्टी धरून बाजूला काढत होते. अलाइनमेंटवाला बाद, वॉशिंगवाला बाद, मॅनेजर उत्सुकतेनं उभे राहिले तेही बाद. शेवटी डेंटिंगच्या शेडमधून बसवराजला आणलं. जत तालुक्यातला गडी, कानडी वळणाचं मराठी, आणि उंची अशी की पाण्याच्या टँकरच्या टाकीत जमिनीवर उभा राहून डोकावेल.

"बस," आप्पा म्हणाले, आणि स्वतः डाव्या सीटवर जाऊन बसले. प्रमोद गेल्यापासून आप्पांना डावीकडं बसलेलं मी पहिल्यांदा बघत होतो. चावी लावली. सीट शेवटच्या खाचेत. जुडगा लागेना. एक खाच पुढं. लागेना. आणखी एक. जुडगा गुडघ्यावर आपटला.

"लागतंय नोडरी, बघा की," बसवराज म्हणाला.

आप्पा खाली उतरले नाहीत. मॅडमना म्हणाले, ट्रायल घ्यायची असती न्हवं, मंग घेऊ द्या याला. मॅडमनी मान डोलावली. गाडी फाटकातून बाहेर गेली. पाच मिनिटांची ट्रायल. मी उशा घेऊन पाऊण तास फाटकात उभा. आल्यावर बसवराजला बाजूला घेऊन विचारलं, काय म्हणाले? तो म्हणाला, काई न्हाई मास्तर. हळू चालीव म्हणले. मंग जेवलास का विचारलं.

निघताना आप्पांनी फुलस्केपवर सदतिसावं कलम लिहिलं. मॅडमनी ते वाचलं, वाकून सीटची खाच एकदा मोजली आणि टॅबमध्ये घातलं.

मी उशा दिल्या. आप्पांनी त्या एकेक करून पाठीमागं लावल्या, चौथी खाली घेतली. तासगाव गेलं, वजनकाटा आला, आणि गाडी काट्यावर न वळता सरळ पुढं गेली. मी पंच म्हणून आठवण केली. ते म्हणाले, ऱ्हाऊ द्या आज.

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "आप्पा, आता खाच कळली. प्रमोद येईपर्यंत सीट पुढं घ्या की. आला की मागं सरकवू, एका मिनिटाचं काम आहे."

समोरून उसाची ट्रॉली आली. आप्पांनी उशांतून खाली घसरत ब्रेक दाबला, ट्रॉली जाऊ दिली, परत वर सरकले.

"पाय पुरतोय की मला," ते म्हणाले.