नाकावरची पुळी आणि पार्लरची भिंत

नेमकी त्याच सकाळी डोळसरावांच्या नाकाच्या शेंड्यावर पुळी आली. तीही साधीसुधी नाही. आरशात बघून त्यांनी आधी तिची छटा ठरवली, "पिकल्या टोमॅटोत चमचाभर जांभळा," आणि मग डोक्याला हात लावून ते पलंगावर बसले.

डोळसराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. रंगांच्या दुकानात ते गिऱ्हाइकाला हव्या त्या छटेचा रंग कालवून देत, आणि नजर अशी तयार होती की दुकानानेच हे नाव त्यांना बहाल केलं होतं. गिऱ्हाइकाने पडद्याचा तुकडा आणावा, डोळसरावांनी तो एकदा बघावा आणि परत करावा. नमुना समोर ठेवून रंग जुळवणं त्यांना कमीपणाचं वाटे. "म्हणजे शेजारच्याच्या वहीत बघून उत्तर लिहिणंच की," असं ते म्हणत. प्रत्येक छटेला त्यांनी आपलं आपण नाव ठेवलेलं होतं. एक करडा होता, त्याला ते 'मुलाखतीला आलेला करडा' म्हणत, आणि गंमत म्हणजे तो खरोखरच तसा दिसे.

पण धाकटे मालक गादीवर बसले आणि त्यांनी एक मशीन आणलं. त्याच्या काचेच्या डोळ्यासमोर नमुना धरला की ते आपसूक रंग ओतून मोकळं होई. आदल्या दिवशी पार्लरवाल्या बाई सोफ्याच्या कापडाचा फिकट गुलाबी तुकडा घेऊन आल्या होत्या. तोच रंग त्यांना पार्लरच्या बाहेरच्या खोलीला हवा होता. मालकांना लहर आली. उद्या मशीनने एक डबा करायचा, डोळसरावांनी एक. बाई निवडतील तो काउंटरवर राहील आणि त्याचा फोटो दुकानाच्या नव्या पाटीवर झळकेल. हरेल तो मागच्या गोदामात.

"गोदामात मी काय करू?" डोळसरावांनी विचारलं होतं.

"डबे रचा."

"आणि रचून झाले की?"

"मग उतरवा."

उभी हयात काउंटरवर काढलेल्या माणसाला असं ऐकावं लागलं. डोळसरावांना मनातून फार लागलं होतं, रडूच यायचं बाकी होतं. त्यात आता पाटीवरच्या फोटोत ही पुळी.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून एक निळं चमकणारं तोंड बाहेर आलं. त्याला नाक होतं, पण हालचाल नव्हती. डोळसरावांनी पाय पलंगावर ओढून घेतले.

"घाबरताय काय असे? मीच आहे," आतून बायकोचा आवाज आला. "ताईने पाठवलाय. दिव्यांचा मुखवटा. निळा दिवा पुळ्यांना, लाल सुरकुत्यांना, हिरवा डागांना. आणि पिवळा..."

"पिवळा कशाला?"

"ते ताईलाही माहीत नाही. पण आहे ना, मग लावायचा."

"निळ्याने पुळी जाते म्हणतेस?"

बायकोने मुखवटा वर सरकवून त्यांच्या नाकाकडे नीट बघितलं. "माणसांची जाते म्हणे. ही जरा वेगळी वाटते."

डोळसरावांनी मुखवटा पिशवीत घातला तेव्हा ती दारापर्यंत मागे आली. "डोळ्यांवर त्या काळ्या पट्ट्या लावा हं आतून! विसरू नका! आणि अहो, तो माझा आहे!"

दुपारी जेवणानंतर दुकान जरा सुस्तावलं, तसे डोळसराव पिशवी घेऊन गोदामात शिरले. दार लोटलं, दिवा मालवला आणि पुट्टीच्या पोत्यावर बैठक मारली. मुखवटा चढवून त्यांनी आधी निळा लावला. डोळ्यांवर पट्ट्या होत्या. पण समोर रंग आहे आणि तो आपल्याला दिसत नाही, हे हलवायासमोर ताट झाकून ठेवण्यासारखं झालं. त्यांनी पट्ट्या काढून टाकल्या. निळा बघितला, "शाळेच्या गणवेशाचा, पण परीटघरचा," असा निकाल दिला. मग वाटलं, बसलोच आहोत तर सुरकुत्याही उरकून घ्याव्यात. त्यांनी लाल लावला.

लाल मात्र त्यांना पटेना. वीट म्हणावी तर वीट नाही, कुंकू म्हणावं तर तेही नाही. डोळे फाडफाडून ते त्या लालाशी वाद घालत राहिले, आणि वेळेचं भान गेलं.

इकडे गल्ल्यावरच्या बाई रोलर आणायला गोदामाकडे वळल्या, तर दाराच्या फटीतून लालभडक उजेड. आत थिनरचे डबे. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"आग! आग लागली! मालक, गोदाम पेटलं!"

धाकटे मालक भिंतीवरची वाळूची बादली घेऊन धावले. दार लाथेने उघडलं, आणि अंधारात जे लाल दिसलं त्यावर अख्खी बादली रिकामी केली.

"विझली!" मालक ओरडले.

"अहो, मी आहे!" आग म्हणाली.

डोळसरावांच्या कानात, कॉलरमध्ये, जिथे जिथे जागा होती तिथे वाळू गेली. मुखवटा ओरबाडून पिशवीत कोंबत ते बाहेर आले, तर समोर मालक साफ हिरवट पडलेले. गल्ल्यावरच्या बाईही हिरवट. भीतीने माणूस पांढरा पडतो एवढं त्यांना माहीत होतं, हे नवीनच होतं.

"मालक, तुम्ही आधी बसा. तुमचा रंग बरा दिसत नाही."

"माझ्या रंगाचं सोडा! बाई आल्यात, तो फोटोवाला आलाय, आणि तुम्ही आत काय करताय? चला, कालवा!"

पार्लरवाल्या बाई खरंच दारात उभ्या होत्या. मशीनने घर्र केलं आणि डबा भरून मोकळं झालं. डोळसरावांनी वाळू झटकली, पांढरा रंग घेतला, कालचा गुलाबी मनात आणला आणि बाटलीतल्या लाल स्टेनरचे, म्हणजे रंगाच्या अर्काचे, थेंब टाकायला सुरुवात केली. ढवळून बघितलं. फिका. आणखी टाकले. करडाच दिसतोय. आणखी. गल्ल्यावरच्या बाईंनी एकदा खाकरून बघितलं. मालकांनी "डोळसराव..." एवढंच म्हटलं.

"नजर माझी की तुमची?" डोळसराव म्हणाले, आणि बाटली पालथी केली.

शेवटी तो कालचा नाजूक, लाजून दाराआड उभा राहिलेला गुलाबी त्यांना समोर दिसला. त्यांनी समाधानाने ब्रश बुडवला आणि मशीनच्या रंगाशेजारी फळीवर पट्टा ओढला. दुकानात शांतता पसरली. डोळसरावांना वाटलं, सगळे भारावलेत.

मग हळूहळू मालकांचा चेहरा हिरव्याचा माणसासारखा होऊ लागला. पार्लरवाल्या बाईंची साडी ताळ्यावर आली. आणि फळीवरचा तो लाजरा गुलाबी बघता बघता असा भडकला, की दाराआडून निघून तो थेट बँडबाजासकट रस्त्यावर आला. शेजारी मशीनचा पट्टा कापडाच्या तुकड्याशी तंतोतंत जुळत होता.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

डोळसरावांनी ब्रश खाली ठेवला. गेलं काउंटर. आपल्याच नजरेने आपल्याला गोदाम दाखवलं. त्यांनी निमूट पिशवीतला मुखवटा काढून पुढे ठेवला आणि पुळीपासून वाळूपर्यंत सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे नटण्यापायी घात झाला," मालक म्हणाले. "फोटोवाले, मशीनचा घ्या."

पण बाईंचं लक्ष मुखवट्याकडे होतं. "हेच दिवे आमच्याकडे आहेत. तुम्ही पट्ट्या न लावता लालात बसलात?"

"हो."

"आमच्या बायकाही नाही लावत. मोबाइल दिसत नाही ना मग." बाई बोलता बोलता थांबल्या. "आणि बाहेर आल्यावर सगळं हिरवट दिसलं?"

"मालक तर कोथिंबिरीची जुडी दिसत होते."

"ओ!" मालक म्हणाले.

बाईंनी मुखवटा स्वतःच्या तोंडावर चढवला, लाल लावला आणि काउंटरला टेकून उभ्या राहिल्या. गिऱ्हाईक असं वागू लागल्यावर दुकानदाराने काय करायचं असतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे सगळे नुसते बघत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी तो काढला, डोळ्यांची उघडझाप केली आणि फळीकडे वळल्या.

"अगंबाई! हा मशीनचा बघा, शेवाळ धरल्यासारखा दिसतोय!" त्या ओरडल्या. "आणि यांचा अगदी माझ्या सोफ्यासारखा! कितीदा रंग दिला त्या भिंतीला! दरवेळी बायका लालाने डोळे विटवून आतून येतात आणि म्हणतात, भिंतीला ओल आलीय, कशा बसतो आम्ही इथे! मी रंगाऱ्यांशी भांडून भांडून थकले हो!"

मालकांनी मुखवटा हिसकावून घेतला आणि स्वतः लावून बघितला. काढल्यावर ते फळीकडे, मग डोळसरावांकडे, मग आरशात बघत राहिले. "कोथिंबीर," ते हळूच म्हणाले.

बाईंनी तिथल्या तिथे सांगून टाकलं. लाल दिव्याच्या खोलीसमोरची भिंत याच रंगाची. शिवाय निळ्या, हिरव्या आणि पिवळ्या खोल्यांसमोर एकेक भिंत होती, त्यांच्याही तक्रारी होत्या. सगळं काम डोळसरावांनीच करायचं. "आणि यांनीच बघून," असं त्यांनी मशीनकडे पाठ करून बजावलं.

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं डोळसरावांना झालं. ते ताठ उभे राहिले. फोटोवाल्याने कॅमेरा त्यांच्याकडे वळवला. पुळी तशीच होती, पण आता तिचं काही वाटेना.

"थांबा," मालक म्हणाले. त्यांच्या डोक्यात धंद्याचं चक्र फिरू लागलं होतं. "हे रंग कालवायचे म्हणजे आधी दिव्यात बसायला लागणार ना?"

"हो, प्रत्येक डब्याआधी."

"अंधार लागेल."

"लागेल की."

"मग इथे काउंटरवर कसं जमणार?" मालकांनी प्रेमाने त्यांच्या खांद्यावरची वाळू झटकली. "डोळसराव, तुम्ही गोदामात बसा."

त्या दिवसापासून काउंटरवर मशीन असतं. नव्या पाटीवर डोळसरावांचा फोटो आहे, पण मालकांनी तो मुखवट्यासकट काढायला लावला. खुद्द डोळसराव पुट्टीच्या पोत्यावर अंधारात बसून सकाळी लाल, दुपारी निळा, संध्याकाळी हिरवा लावून असतात. मुखवटा कायमचा दुकानात गेला म्हणून बायको अजून धड बोलत नाही. पुळी केव्हाच गेली, सुरकुत्याही पळाल्या. लग्नातसुद्धा नव्हता असा तुकतुकीत चेहरा झालाय त्यांचा, पण गोदामात बघायला कोण येतंय?

परवा गल्ल्यावरच्या बाई रोलर घ्यायला आल्या होत्या. दार उघडून त्या क्षणभर थबकल्या.

"काय हो, चेहरा बरा दिसतोय का?" डोळसरावांनी मुखवटा वर करून आशेने विचारलं.

"अंधारात काही दिसत नाही," बाई म्हणाल्या आणि दार ओढून घेऊन गेल्या.