यंत्राला भरवलेला पेढा

एका जंगलात नदी होती आणि पूल फक्त भाषणात होता, मुलांनो. म्हणून सिंहमहाराजांनी प्रजेसाठी मोटर लावलेली होडी आणली.

उद्घाटनाला हार झाले, नारळ झाला. महाराज म्हणाले, "यंत्रालाही पेढा भरवू. याचं तोंड कुठे?"

यंत्रतज्ज्ञ बगळेसाहेबांना ते माहीत नव्हतं. पण तज्ज्ञाने गप्प राहायचं नसतं. त्यांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण दाखवलं. झाकणाला एक बारीक भोक होतं. पेट्रोल इंजिनाकडे गेलं की त्या भोकातून टाकीत हवा यायची. महाराजांनी पेढा नेमका तिथेच दाबला. टाळ्या झाल्या.

होडी मधोमध जाऊन बंद पडू लागली.

बगळेसाहेबांनी पेट्रोल बदललं. गाळणी बदलली. प्लग बदलला. दर वेळी झाकण उघडलं की टाकी 'सूंऽऽ' करायची.

"उसासे टाकते आहे," साहेब म्हणाले. "यंत्र उदास आहे."

मग त्यांनी होडीवर भजनी मंडळ बसवलं. हसू नका. ठराव एकमताने झाला होता.

अशात नदीला पूर आला. गोदी सशिणीची तीन पिल्लं समोरच्या खडकावर अडकली. पाणी खडकावर चढत होतं. गोदी होडीत चढली, साहेबही चढले. पाणमांजर धाकू होडी चालवत होता.

मधोमध इंजिन खोकलं आणि थांबलं. होडी वाहू लागली.

"धाकूदादा, काहीतरी कर रे!"

"काय करू, आक्का? नळीतला हा रबरी फुगा दाबला की चपटाच राहतोय. पेट्रोल वर चढतच नाही."

"कोणी कशाला हात लावू नका," साहेब म्हणाले. "आधी पंचनामा."

खडकावरून पिल्लांनी हाक मारली, "आईऽऽ!"

गोदीचं डोकं फिरलं. "माझी पोरं बुडतायत, मी सकाळपासून उपाशी, आणि पेढे या डबड्याला?"

तिने झाकणावरचा पेढा ओरबाडून खाल्ला. भोकात अडकलेला कणसुद्धा रागाने चाटून काढला.

टाकीने 'सूंऽऽ' केलं. फुगा टम्म झाला. धाकूने दोरी ओढली आणि होडी सुसाट सुटली. पिल्लं होडीत घेतली तेव्हा पाणी त्यांच्या कानांपर्यंत आलं होतं.

किनाऱ्यावर सत्कार झाला. कोणाचा? बगळेसाहेबांचाच. गोदीवर राजप्रसाद खाल्ल्याचा खटला भरला. यंत्राची समजूत काढायला महाराजांनी त्याच तोंडात आणखी दोन पेढे दाबले.

न्यायालय पलीकडच्या तीरावर होतं. आरोपी गोदीला होडीतून नेलं. सोबत बगळेसाहेब, साक्षीदार, भजनी मंडळ आणि खुद्द महाराज. पूर ओसरला नव्हता.

मधोमध इंजिन खोकलं आणि थांबलं. होडी फिरत फिरत धबधब्याकडे निघाली. महाराजांनी भजनी मंडळाकडे पाहिलं. मंडळ पोहत निघून गेलं होतं.

बगळेसाहेब गोदीच्या जवळ सरकले. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "गोदाक्का, तुम्हाला भूक लागली असेल, नाही?"

"पोट भरलंय, साहेब," गोदी म्हणाली. "आधी खटल्याचं बोला."

खटला जागच्या जागी निकाली निघाला.

तात्पर्य : मुलांनो, सरकारी वाहनात बसताना तज्ज्ञ आत आहे का हे पाहू नये. एखादा उपाशी आरोपी आत आहे का, तेवढं पाहावं.