पांढरं पीठ, दुसरं

त्र्यंबक गिंडीच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होता, आणि रविवारी रिकामा बसलेला क्वालिटी इन्स्पेक्टर संसाराला फार धोक्याचा.

त्या रविवारी त्याची बायको हेमावती सकाळीच तांबरमला मैत्रिणीकडे गेली होती. हेमावतीला दहा वर्षांपासून दिसत नव्हतं, पण फळीवर हात टाकला की हवा तोच डबा तिच्या हाती यायचा. एक रबरबँड म्हणजे तूरडाळ, दोन म्हणजे उडीद, सुतळी बांधलेला रव्याचा. त्र्यंबकला ते सगळं भंगाराचं दुकान वाटे. म्हणून त्याने गुपचूप बारा एकसारख्या बरण्या आणि बोलणारी लेबलं मागवली. (बायकोला सरप्राइज द्यायचं होतं. ते दिलंच.) लेबलाला मोबाइल टेकवला की आपण रेकॉर्ड केलेलं नाव ऐकू येतं.

सगळं बरण्यांत ओतून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की यातल्या निम्म्या वस्तूंची नावं आपल्याला येतच नाहीत. पण गडी मागे हटला नाही.

चारला हेमावती परतली ती घाईतच. "अहो, सहाला वसंताआत्या येतेय!"

वसंताआत्या म्हणजे हेमावतीची तंजावरची आत्या. "न दिसणाऱ्या मुलीने चूल पेटवायची म्हणजे घर पेटवायचं," असं भर लग्नात म्हणालेली. सात वर्षांत तिने या घरचं पाणी घेतलं नव्हतं.

उपम्यासाठी हेमावतीने फळीवर हात टाकला आणि ती थबकली. त्र्यंबकने अभिमानाने तिच्या हाती मोबाइल दिला.

"पांढरं पीठ," पहिली बरणी त्र्यंबकच्या आवाजात म्हणाली.

"पांढरं पीठ, दुसरं," दुसरी म्हणाली.

"डाळ. पिवळी."

"हे काय बुवा... थांबा, वास घेतो... आक् छी!" चौथी बरणी शिंकली.

"मिरपूड," हेमावती शांतपणे म्हणाली. "माझे डबे?"

"माळ्यावर."

"रबरबँड?"

"कचऱ्यात." (ते त्याला खाली जाऊन, वॉचमनच्या देखत, वेचून आणावे लागले.)

मग हेमावतीने पदर खोचला. चिमटीत चोळून, हुंगून, हलवून, जिभेवर ठेवून तिने पाऊण तासात बाराही जिन्नस आपापल्या डब्यांत परत घातले. त्र्यंबक नुसती झाकणं धरून उभा होता.

आत्याने उपमा दोनदा मागून घेतला. ताटली पुसल्यासारखी स्वच्छ झाली.

"हेमा, मी चुकले गे," आत्या म्हणाली. हेमावतीने कॉफीचा टंबलर पुढे केला.

"साखर थोडी कमी आहे," आत्या घोट घेऊन म्हणाली.

"अहो, तेवढी साखर आणा ना!"

त्र्यंबक आत गेला. एक झाकण वाजलं, दुसरं वाजलं, पाचवं तर खालीच पडलं.

"हेमा, साखर कुठंय गं?"

"तुमच्या समोरच!"

"समोर कुठं?"

आत्याने टंबलर खाली ठेवला आणि हेमावतीचा हात हातात घेतला.

"अय्यो पावम, बिचारे! यांनाही दिसत नाही, हे लग्नात कुणी सांगितलंच नाही गे!"